पडदा ओढलेला असेल तर

गाव्रिलच्या घरी धंद्याचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरच होतं. शेगडीजवळच्या टेबलावर आग्लायाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन असायचा, आणि तो वाजला की ती पिठाचे हात एप्रनला पुसून बोलायला लागायची. रोमानियातल्या सुचावाच्या आसपासचे छोटे कारखानदार तिला फोन करायचे. कुणाच्या लाकडी खुर्च्या, कुणाच्या मुरांब्याच्या पेट्या, कुणाची पाव भाजायची एकच भली मोठी भट्टी. एकट्याच्या मालानं ट्रक कधी भरायचा नाही, आणि मोठ्या कंपन्या असल्या किरकोळ मालाकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. आग्लाया पाच-सहा जणांचा माल एका ट्रकमध्ये बसवायची आणि तो हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी ओलांडून पार बेल्जियम-फ्रान्सच्या दुकानांपर्यंत पोचवायची. ट्रक दोन होते. निळा गाव्रिल चालवायचा, आणि जुना पांढरा त्यांचा मुलगा तिबी.

या खेपेला आग्लायानं मालाबरोबर माणसंही जुळवली होती. दोन्ही ट्रक शनिवार-रविवारी एकाच ठिकाणी मुक्कामाला येतील असं तिनं मुद्दाम बसवलं होतं, आणि ते तिनं दोघांपैकी एकालाच सांगितलं होतं.

"हे सारमाले दोघांसाठी आहेत," निघताना पातेलं कापडात बांधून देत ती म्हणाली. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात तिनं रात्रभर मंद आचेवर ठेवला होता. "एकट्यानं चापलेस तर माझ्याशी गाठ आहे. आणि त्याच्यासमोर तोंड सांभाळून बोल."

"मी काय बोलणार आहे?"

"तेच म्हणतेय मी. नाताळात बोललास तसं काही बोलू नकोस."

नाताळात झालं होतं ते असं. जेवणाच्या टेबलावर आग्लायाचे भाऊ होते, शेजारी होते, आलुबुखाराची दारू फिरत होती. तिबी म्हणाला, "ताता, पांढऱ्याचा हीटर झोपेतच बंद पडतो. सकाळी उठलो की काचेवर आतून बर्फ असतो. नवा बसवायला पाहिजे." म्हणणं साधं होतं, आणि खरंही होतं. पण गाव्रिलच्या पोटात दोन पेले गेले होते आणि समोर ऐकणारे होते. तो म्हणाला, "आग्लाया, ऐकलंस का? तुझ्या लेकराला थंडी वाजते. पुढच्या खेपेपासून ट्रकमध्ये एक दाई पण पाठव, अंगाई म्हणायला!" टेबल हसून हसून दणाणलं. तिबी तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि पावाचा तुकडा खाली ठेवून उठला. ते 'ठीक आहे' त्यानं बापाशी बोललेलं शेवटचं वाक्य होतं. त्यानंतर ट्रक भरले, उतरले, परत आले, पण बापलेकांमधलं जे काही बोलणं व्हायचं ते आग्लायाच्या फोनवरून जायचं आणि यायचं.

आता गाव्रिलच्या सीटमागे एक खोकं होतं. त्यात नवा कोरा हीटर होता. माफी मागणं गाव्रिलला जमण्यासारखं नव्हतं. त्याच्या बापालाही ते कधी जमलं नव्हतं. पण सगळं ठरवून झालं होतं. खोकं तिबीच्या पुढ्यात ठेवायचं आणि फक्त म्हणायचं, "पाना आण." मग दोघांनी ट्रकखाली पाठीवर पडायचं, एकानं दिवा धरायचा, दुसऱ्यानं नट आवळायचे. त्या घरात रुसवे असेच निघायचे. ईस्टरला पोरगं पुन्हा टेबलावर बसलं पाहिजे, एवढंच गाव्रिलला हवं होतं.

*

आर्देनच्या टेकड्यांत, बेल्जियमच्या बाजूला, बंद पडलेल्या गालिच्याच्या कारखान्यामागे एक लांब रस्ता आहे. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तिथे ट्रकांची रांग लागते. आठवड्याची मोठी विश्रांती ड्रायव्हरनं केबिनमध्ये घ्यायची नाही, मालकानं त्याला खोली द्यायची, असा कायदा आहे. खोली कुणीच देत नाही. मग पोलिस येतात, दारावर ठकठक करतात आणि आत झोपलेला सापडला की दंड करतात. कधी चोर येतात, तेही ठकठक करतात. दार उघडलं की डिझेल गेलं, नाहीतर माल गेला. म्हणून केबिनचे पडदे ओढून गपचूप पडून राहायचं, दाराला आतून पट्टा बांधायचा, आणि कुणी काहीही केलं तरी हूं की चूं करायचं नाही. आणि ड्रायव्हरांनी एकमेकांच्या पडद्याचा मान ठेवायचा. पडदा ओढलेला असेल तर दार वाजवायचं नाही. मित्रानं नाही, भावानं नाही.

हे तिबीला गाव्रिलनंच शिकवलं होतं. तिबी सात वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तो त्याला घेऊन निघायचा. पोरगं शेजारच्या सीटवर उशी घालून बसायचं आणि प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचं. एकदा एका मुक्कामावर तो ओळखीच्या ड्रायव्हरच्या दाराकडे धावला. गाव्रिलनं त्याला मागून उचललं.

"पडदा बघितलास का?"

"हो. निळा आहे."

"निळा असू दे, पिवळा असू दे. ओढलेला आहे ना? मग आत माणूस आहे आणि त्याला एकटं राहायचंय. आपल्याला दिवसभर घर नसतं, तिबी. पडदा ओढला की तेवढंच घर. दुसऱ्याच्या घराचं दार आपण धडाधडा वाजवतो का?"

तिबीनं विचार केला. मग म्हणाला, "पण ताता, आतला माणूस आजारी पडला तर?"

"मग तो हॉर्न वाजवेल."

पोराचं समाधान झालं. पुढे सबंध प्रवासभर, भेटेल त्या ड्रायव्हरला ते मोठ्या तोऱ्यात सांगत होतं, "आजारी पडलात तर हॉर्न वाजवा हं!"

*

शनिवारी सकाळी गाव्रिल पोचला तेव्हा बारीक बर्फ पडत होता. पांढरा ट्रक रांगेच्या शेवटी, कुंपणाला लागून उभा होता. पडदे पूर्ण ओढलेले. गाव्रिलनं निळा ट्रक त्याच्या बाजूलाच लावला.

पलीकडे मित्रुत्स आणि रोदिकाचा ट्रक होता. ही वास्लुईकडची, म्हणजे रोमानियातलीच नवराबायको आळीपाळीनं एकच ट्रक चालवायची आणि दिवसभर एकमेकांना टोमणे मारायची. ट्रेलरच्या बाजूच्या पेटीचं झाकण उघडून त्यावर मित्रुत्सनं कांदा चिरायला घेतला होता.

"या, या, नेआ गाव्रिल!" तो ओरडला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नेआ म्हणतात. "पातेलं आणलंय म्हणजे देवच आलाय. हिच्या हातचं सूप खाऊन माझ्या आतड्यांनी संप पुकारलाय."

"त्या आतड्यांना आधी विचार, काल चौथी वाटी कुणी मागितली," रोदिका म्हणाली. "नेआ गाव्रिल, बसा. तुमचा तिबी काल संध्याकाळीच आलाय. आमच्याशी धड बोलला पण नाही. हात वर केला, गाडी लावली, पडदे ओढले."

"दमला असेल," गाव्रिल म्हणाला.

"या आठवड्यात पोलिसही फिरकले नाहीत," मित्रुत्स म्हणाला. "दर शनिवारी सकाळी येऊन एकेक दार ठोकत जातात. आज पत्ता नाही. आपलं नशीब थोर."

गाव्रिल पांढऱ्या ट्रकभोवती एक फेरी मारून आला. सवयच होती. टायरला लाथ मारून पाहिली, ताडपत्रीचे पट्टे ओढून पाहिले. सगळे घट्ट होते. पोरगं माल बांधायला चांगलं शिकलं होतं. एकच गोष्ट त्याला खटकली. ट्रेलरच्या बाजूची पेटी, जिच्यात स्वयंपाकाची भांडी, छोटी गॅसची शेगडी आणि तेलाच्या बाटल्या असतात, तिची कडी नीट लागलेली नव्हती. "किती वेळा सांगितलं याला," गाव्रिल पुटपुटला आणि त्यानं झाकण दाबून कडी लावून टाकली.

दुपारपर्यंत पडदा हलला नाही. गाव्रिल स्टूल टाकून असा बसला होता की पांढऱ्याचं दार उघडलं तर आधी तोच दिसावा. खोकं त्यानं निळ्या ट्रकच्या पायरीवर काढून ठेवलं होतं.

आग्लायाचा फोन आला. "बोलला का?"

"झोपलाय."

"माझाही फोन लागत नाहीये त्याला. कालपासून बंद आहे."

"मी येणार हे कालच त्याच्या कानावर गेलं असेल. समजलं असेल त्याला, तू जुळवून आणलंयस ते. रागावला असेल."

"मग जा ना त्याच्याकडे! बाप आहेस."

"पडदा ओढलाय, आग्लाया."

तीही ड्रायव्हरची बायको होती. "बरं," ती म्हणाली. "उठला की मला फोन करायला सांग. आणि सारमाले गरम करून दे."

रोदिकाचं मात्र या नियमाशी कधीच जमलं नव्हतं. मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली मामालिगा तिनं लाकडी फळीवर उलटी केली, दोऱ्यानं तिचे काप केले आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"मी वाजवू का दार? मी ड्रायव्हर अर्धीच आहे. नियम मला अर्धाच लागू."

"राहू दे, रोदिका."

"काय राहू दे? पोरगं काल संध्याकाळपासून पाण्यालासुद्धा उतरलं नाही."

"त्याच्या केबिनमध्ये पाण्याचा डबा असतो. मीच शिकवलंय."

"तुम्ही बापलेक म्हणजे ना, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं," ती म्हणाली. "मित्रुत्स, तू तरी सांग यांना."

मित्रुत्सनं घास गिळला. "अगं, मघाशी हलला होता पडदा. मी पाहिला. कोपरा जरासा हलला. जागा आहे तो, बघतोय आपल्याकडे. हट्टी आहे, दुसरं काही नाही. त्याच्या वयात मी माझ्या बापाशी दोन वर्षं बोललो नव्हतो."

"तुझा बाप सुखी असेल त्या दोन वर्षांत."

सगळे हसले. गाव्रिलही हसला, आणि त्याच्या छातीवरचा दगड थोडा हलका झाला. पडदा हलला होता. पोरगं बघत होतं. बघू दे. खोकं पायरीवर आहे, तेही दिसलं असेल.

त्यानं एका वाडग्यात चार सारमाले वाढले, वर आंबट साय घातली आणि वाडगं पांढऱ्या ट्रकच्या पायरीवर, दाराच्या अगदी खाली ठेवलं. दार वाजवलं नाही. वास तर जाईल आत, असं त्याला वाटलं.

संध्याकाळ झाली तरी वाडगं तसंच होतं. साईवर बर्फाचे कण बसले होते. तेव्हा मात्र गाव्रिलचं डोकं फिरलं. तो दारासमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझ्यावर राग काढायचाय तर खुशाल काढ. पण हे तुझ्या आईनं केलंय. रात्रभर जागून केलंय. अन्नावर कसला राग काढतोस?"

आतून उत्तर आलं नाही. गाव्रिलचा हात वर झाला होता, मूठ वळली होती. दारापासून वीतभर अंतरावर ती थांबली. मग त्यानं तीच मूठ खिशात घातली, वाडगं उचललं आणि परत आला.

झोपण्यापूर्वी त्यानं आपला हीटर लावला. तो नीट चालला. उबेत पडल्या पडल्या त्याला पांढऱ्या ट्रकमधल्या काचेवरचा बर्फ आठवला, आणि त्यानं कूस बदलली. उद्या. उद्या सकाळीच बसवून टाकू.

*

रविवारी ऊन पडलं. कुंपणाच्या तारांवरून पाणी ठिबकायला लागलं. मित्रुत्स ट्रकच्या आरशात बघून दाढी करत होता. गाव्रिलनं कॉफी केली, एक पेला जास्तच केला. पांढऱ्याचे पडदे तसेच.

मग त्याला एक युक्ती सुचली. म्हणायचंच नाही काही. खोकं सरळ तिबीच्या पेटीत ठेवून द्यायचं, भांड्यांच्या मध्ये. उद्या कुठेतरी तो अंडी उकडायला पेटी उघडेल आणि त्याला हीटर सापडेल. मग कळेल त्याला सगळं. मग फोन करेल. आग्लायाला करेल, पण करेल. ही कल्पना गाव्रिलला इतकी आवडली की खोकं उचलताना तो स्वतःशी शीळ घालत होता.

त्यानं पेटीची कडी काढली. झाकण खाली केलं.

पातेलं होतं. दोन ताटल्या होत्या. तेलाची बाटली, मीठ, चमचे, सगळं जागच्या जागी. मध्ये शेगडी ठेवायची जागा तेवढी रिकामी होती. नेहमीच्या गोल डागांवर धूळसुद्धा नव्हती. गॅसची टाकीही नव्हती.

गाव्रिल तिथे फार वेळ उभा राहिला असं मित्रुत्स नंतर सांगायचा. खरं तर तो फार वेळ नव्हता. थंडीत शेगडी केबिनमध्ये कोण नेतं आणि कशासाठी नेतं, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. फटी कापडानं बुजवायच्या, शेगडी मध्ये ठेवायची, पाच मिनिटं ऊब घ्यायची आणि मग विझवायची. विझवायची हे महत्त्वाचं. त्याआधी डोळा लागला तर ज्योत आतली हवा खात राहते आणि झोपलेल्याला काहीसुद्धा कळत नाही. त्याला हॉर्न वाजवायची शुद्ध राहत नाही.

खोकं गाव्रिलच्या हातातून पडलं.

"तिबी!" तो ओरडला आणि त्यानं दार वाजवलं. दोन्ही मुठींनी वाजवलं. "तिबी! उघड! तिबी!"

सबंध रांगेतले पडदे एकदम हलले. कुठे कुणी शिवी हासडली, कुठे एखादं डोकं बाहेर आलं. मित्रुत्स अर्ध्या गालावर साबण घेऊन धावला. गाव्रिलनं चाकाचा लांब पाना आणला आणि काच फोडली. आत हात घातला, कडी काढली, पण दार उघडेना. आतून पट्टा बांधलेला होता, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, घट्ट, तसाच, जसा त्यानं शिकवला होता. मित्रुत्सनं सुरी दिली. पट्टा कापायला वेळ लागला. तो चांगला पट्टा होता.

तिबी मागच्या बाकावर कुशीवर झोपला होता. अंगात कोट, डोक्यावर आईनं विणलेली टोपी. खिडक्यांच्या फटींत टॉवेल खुपसलेले. शेगडी खाली पायांशी होती आणि तिचा गॅस कधीच संपला होता. तिबीचे गाल लालबुंद होते. इतके लाल, की गाव्रिलला आधी आनंदच झाला.

"जिवंत आहे!" तो ओरडला. "रोदिका, गाल बघ, गाल लाल आहेत! आत्ताच उन्हातून आल्यासारखे आहेत!"

रोदिका वर चढली. तिनं तिबीच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग तिनं गाव्रिलकडे पाहिलं आणि क्रूसाची खूण केली.

*

रुग्णवाहिका आली. पोलिसही आले. एरवी दर शनिवारी ठकठक करत फिरणारे तेच दोघे होते. त्यातल्या वयस्कराला सगळे ओळखत होते. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

रोदिकाला मोडकंतोडकं फ्रेंच येत होतं. पोलिसानं काही विचारलं.

"विचारतायत, तुम्ही कधीपासून इथे आहात," ती म्हणाली.

"काल सकाळपासून."

"या ट्रकच्या शेजारी?"

"शेजारीच."

"आणि दार वाजवलं नाहीत?"

"पडदा ओढलेला होता," गाव्रिल म्हणाला.

रोदिकानं ते सांगितलं. पोलिसाला समजलं नाही. त्यानं तिला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग तो रांगेकडे पाहत राहिला. तिथे एकाही ट्रकचा पडदा आता ओढलेला नव्हता. सगळे ड्रायव्हर खाली उतरून टोप्या काढून उभे होते.

गाव्रिलनं डॉक्टरला गाठलं. त्याला एकच विचारायचं होतं. त्यानं डॉक्टरची बाही धरली आणि रोदिकाला म्हणाला, "विचार त्यांना, कधी. मी येण्याआधी की नंतर. एवढंच विचार."

रोदिकानं विचारलं. डॉक्टर तरुण होता. तो बराच वेळ बोलला, हात हलवत बोलला, मध्येच ट्रककडे बोट दाखवलं, थंडीबद्दल आणि विषारी वायूनं गाल लाल होतात त्याबद्दल काहीतरी म्हणाला. रोदिका ऐकत होती. मग ती गाव्रिलकडे वळली.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "शुक्रवारीच. तुम्ही यायच्या कितीतरी आधी."

"एवढा वेळ बोलले, आणि एवढंच म्हणाले?"

"एवढंच, नेआ गाव्रिल."

गाव्रिलनं मित्रुत्सकडे पाहिलं. शनिवारी दुपारी पडदा हलताना मित्रुत्सनं पाहिला होता. मित्रुत्सच्या एका गालावर साबण वाळला होता. "वारा असेल," तो म्हणाला. "माझे डोळे काही धड नाहीत. शेजारून गाडी गेली तरी हलतो पडदा. कदाचित हललाच नसेल." आणि तो रडायला लागला.

डॉक्टर खरंच तसं म्हणाला होता की रोदिकानं आपल्या मनानं सांगितलं, हे गाव्रिलला पुढे कधीच कळलं नाही. त्यानं तिला पुन्हा विचारलंही नाही. विचारलं असतं तर ती तेच म्हणाली असती, आणि त्याला तेच ऐकायचं होतं, आणि त्यावर त्याचा कधीच विश्वास बसला नसता.

*

आग्लायानं दफनानंतर त्याला एकच प्रश्न विचारला. पाहुणे गेले होते. टेबलावर दफनाच्या गोड गव्हाचं ताट होतं.

"तू हात उचलला होतास का? एकदा तरी?"

"उचलला होता," गाव्रिल म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी. वीतभर राहिलं होतं."

तिनं ताट झाकलं. मग फोन वाजला. कुणाच्यातरी मुरांब्याच्या पेट्या जायच्या होत्या. तिनं हात पुसले आणि फोन उचलला. बोलून झाल्यावर तिनं फोन टेबलावर उलटा ठेवला आणि त्यावर कपाळ टेकलं.

निळा ट्रक त्यांनी विकला. गाव्रिल आता पांढरा चालवतो. हीटर त्यानं एकट्यानंच बसवला, अंगणात, दिवा दातांत धरून. हीटर चांगला चालतो. गाव्रिल त्या केबिनमध्ये झोपतो, पण पडदे ओढत नाही. रस्त्याचे दिवे सरळ तोंडावर पडतात, पोलिस लांबूनच बघतात आणि दंड करतात. तो दंड भरतो.

आणि मुक्काम कुठेही असो, लक्झेंबर्ग असो की लिंझ, झोपण्यापूर्वी तो रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. जिथे पडदा ओढलेला असेल तिथे थांबतो आणि दार वाजवतो. आतून कुणी बोललं नाही तर पुन्हा वाजवतो. बोलेपर्यंत वाजवत राहतो.

रस्त्यावर आता सगळे त्याला ओळखतात. काहीजण त्याला ठोक्या म्हणतात. झोपमोड होते, पोलिसच आलेत असं वाटून लोक आधी गपचूप पडून राहतात. एकदा एका बल्गेरियन ड्रायव्हरनं त्याला मारलंसुद्धा. ज्यांना गोष्ट माहीत आहे ते आतूनच ओरडतात, "जिवंत आहे, नेआ गाव्रिल, झोपा आता!" ज्यांना माहीत नाही ते शिव्या देतात.

परवा हंगेरीच्या सीमेवर असाच एक नवा ट्रक होता. पडदे नवे, फुलाफुलांचे. घरून कुणीतरी शिवून दिलेले असावेत. गाव्रिलनं वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. काही नाही. मग त्यानं मुठीनं वाजवायला सुरुवात केली, आणि त्याला धाप लागली, आणि तो कुणाचंतरी नाव घेऊन हाका मारायला लागला.

पडदा बाजूला झाला. आत एक पोरगं होतं, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं, कानांतून गाण्याच्या तारा लोंबत होत्या. त्यानं काच खाली केली.

"काय झालंय, म्हाताऱ्या? मेलंय का कुणी?"

गाव्रिलनं त्याच्या मागे केबिनमध्ये नजर टाकली. खाली शेगडी नव्हती. काच उघडी होती आणि गार हवा आत जात होती.

"काही नाही," तो म्हणाला. "झोप, बाळा."

"वेडा आहेस का तू? खड्ड्यात जा!" पोरगं ओरडलं आणि त्यानं पडदा खसकन ओढून घेतला.

गाव्रिल दाराशी थोडा वेळ उभा राहिला. आत पोरगं अजून त्याच्या नावानं शिव्या घालत होतं. त्या थांबेपर्यंत त्यानं ऐकल्या, आणि मग तो पुढच्या ट्रककडे गेला.